दुसरी वेलांटी

"बाई, तुमचं आडनाव प्रभारीच ना?"

कॉरिडॉरमध्ये स्टुलावर उभ्या असलेल्या पेंटरने मान तेवढी वळवून विचारले, तेव्हा बाई समोरच्या भांडारात भाले मोजत होत्या. अठरा भाले, त्यांतले दोन वाकलेले. आज त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा चार्ज त्या नव्या संचालकाला देत होत्या. गोळे झाले होते, थाळ्या झाल्या होत्या, भाल्यांनंतर अडथळे मोजायचे होते.

"काय म्हणालात?" बाई हात झटकत दारात आल्या.

"आडनाव हो. लिहून झालंय, पण म्हटलं एकदा विचारून घ्यावं."

भिंतीवरच्या सागवानी बोर्डावर आजवरच्या क्रीडा संचालकांची नावे होती. पांढरी अक्षरे, पुढे कधीपासून कधीपर्यंत ते साल. तीन नावे जुनी, धूळ खाऊन पिवळी पडलेली. पाचव्या ओळीवर नव्या संचालकाचे नाव ताजे, ओले. आणि मधल्या चौथ्या ओळीवर, तितकेच ओले: श्रीमती प्रभारी. पुढे अकरा वर्षे बरोब्बर मांडलेली, एका सालाचीही चूक नाही.

बाईंना आधी हसूच आले. पदराने तोंड झाकून त्या इतक्या हसल्या की पेंटरही कसनुसा हसला. मग हसू आपोआप ओसरले आणि त्या नुसत्याच वर बघत राहिल्या.

अकरा वर्षांपूर्वी तिसरे संचालक गेले. सगळे त्यांना मेजर म्हणत, फौजेत ते कधीच नव्हते तरी. एका सकाळी मैदानाला फेरी मारता मारता खाली बसले ते उठलेच नाहीत. दहाव्या दिवशी कुलसचिवांनी बाईंना बोलावून घेतले. बाई तेव्हा अडथळ्यांच्या शर्यतीच्या प्रशिक्षक. "दोन महिने सांभाळा," कुलसचिव म्हणाले, "जाहिरात काढतोच आहोत."

दोन महिन्यांची अकरा वर्षे झाली. जाहिरात तीनदा निघाली. तिन्ही वेळा बाई मुलाखतीला गेल्या आणि तिन्ही वेळा एकच ओळ आली: पात्र उमेदवार मिळाला नाही. पात्रता म्हणजे डॉक्टरेट. संशोधनाचे विद्यापीठ ते. तिथल्या कँटीनमध्ये चहा सांडला तर तो कुणा ना कुणा डॉक्टरच्याच अंगावर सांडायचा. मुंग्यांच्या पायांवर डॉक्टर झालेली माणसे तिथे होती. मुलींच्या पायांवर मात्र बाईंचे व्हायचे राहून गेले. विषय नोंदवला होता, अडथळ्याआधीचे शेवटचे पाऊल. मुली चुकतात त्या उडीत चुकत नाहीत, उडीच्या आधीच्या पावलात चुकतात, असे त्यांचे म्हणणे होते. साडेचारशे मुलींची पावले मोजून त्यांनी वह्या भरल्या. पण लिहायला बसावे तर स्पर्धा तोंडावर यायच्या, ट्रॅक उखडायचा, वसतिगृहात कुणाला तरी ताप भरायचा. शेवटी नोंदणीची मुदत संपली. ती संपल्याचे पत्र बाईंना बाईंच्याच सहीने आले. विभागप्रमुख त्याच होत्या.

तर अकरा वर्षे त्या प्रभारी राहिल्या. हेडक्लार्कने पहिल्याच दिवशी नियम समजावून दिला होता. त्याला सगळे परिपत्रक म्हणत, कारण त्याच्या प्रत्येक नकारामागे एक परिपत्रक असे. "खुर्चीवर बसायला हरकत नाही, बाई. पण दारावर नावाची पाटी लावता येणार नाही. सही करताना खाली 'प्रभारी' लिहायचं, कंसात." बाई त्या खुर्चीवर कधी बसल्याच नाहीत. तिच्या बाजूला आपले जुने टेबल लावून घेतले. त्या टेबलावरून त्यांनी मैदानाला पाणी आणले, मुलींसाठी वेगळी खोली बांधून घेतली, रिलेचा संघ चार वेळा पहिला आणला. मुले, माळी, दुसऱ्या विद्यापीठांतले लोक, सगळे त्यांना प्रभारी बाईच म्हणू लागले. हळूहळू बाईही फोन उचलून म्हणू लागल्या, "हां, प्रभारी बोलतेय."

बोर्डावर मात्र मेजरच्या सालानंतर लाकूड कोरे होते. एकदा पाहणीला आलेल्या समितीतल्या एका साहेबांनी विचारले होते, "मधे विभाग बंद होता का?"

"हे तुम्हाला कुणी लिहायला सांगितलं?" बाईंनी पेंटरला विचारले.

"नव्या साहेबांनी. यादीत नव्हतं ते. काल फोन करून म्हणाले, मधे बाईंचंही नाव घाला. मी म्हटलं, कुठल्या बाई? तर म्हणाले, अहो, प्रभारी बाई." पेंटरने ब्रश कानावर खोचला. "मी तसंच लिहिलं. आडनावं काय वाट्टेल ती असतात हो. आमच्या गल्लीत एक आहेत कारभारी, एक आहेत भंडारी. तुम्ही प्रभारी."

तेवढ्यात नवा संचालक किल्ल्यांचा जुडगा वाजवत आला. पंचेचाळिशीचा, उंच, केस विरळ झालेले. वीस वर्षांपूर्वी याच मैदानावर तो लांब उडी मारायचा आणि बाई त्याला लांबटांग म्हणायच्या. मग तो शिकत गेला, डॉक्टर झाला, दुसऱ्या विद्यापीठात नोकरी करून आता इथे कायम होऊन आला होता.

"बाई, चेंजिंग रूमच्या कुलपाला एकही किल्ली..." बोलता बोलता त्याची नजर वर गेली आणि जुडगा गप्प झाला.

"वाच," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं वाच."

"अरे देवा."

"अरे, डॉक्टर झालास ना तू? त्याला फोनवर नाव सांगता आलं नाही?"

"घाईत होतो, बाई. तुम्हाला नको म्हणायला संधी मिळू नये म्हणून परस्पर..." तो थांबला. खोटे बोलणे त्याला विद्यार्थी असतानाही जमत नसे. खालमानेने म्हणाला, "खरं सांगू? त्या क्षणी आठवलंच नाही. आडनाव आठवलं, पण नक्की तेच का असं वाटलं. मग म्हटलं, प्रभारी बाई म्हटलं की अख्ख्या गावाला कळतं."

परिपत्रकाच्या नकारांची बाईंना सवय होती. कुलसचिवांच्या त्या एका ओळीचीही होती. हा मात्र चार वर्षे रोज पहाटे त्यांच्या शिटीवर धावलेला मुलगा होता. घोटा मोडला तेव्हा बाईंनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले होते. त्याच्या लग्नाची पत्रिकाही घरी आली होती. वर काय लिहिले होते? आदरणीय प्रभारी बाई. तेव्हा किती आनंद झाला होता!

"कोण बोललं याला चौथी ओळ लिहायला?" मागून आवाज आला. परिपत्रक वरच्या मजल्यावरून उतरला होता. साठीला टेकलेला, बारीक, काखेत फाईल. "माझ्या यादीत एकच ओळ होती. प्रभारी व्यक्तीचं नाव बोर्डावर जात नाही. परिपत्रक आहे."

"मी सांगितलं, भाऊसाहेब," नवा संचालक म्हणाला. "माझ्या जबाबदारीवर."

"तुमची जबाबदारी उद्यापासून, साहेब. आजचा चार्ज बाईंकडे आहे."

"म्हणजे हे आडनाव नाहीच?" पेंटर स्टुलावरून बोलला.

परिपत्रकाने चष्मा कपाळावरून खाली घेतला. ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग फाईल या काखेतून त्या काखेत घेतली आणि अगदी हळू म्हणाला, "आडनाव असेल तर माझी हरकत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे मला इथे कुठल्याही प्रभारी व्यक्तीचं नाव दिसत नाही. प्रभारी नावाच्या कुणी श्रीमती होऊन गेल्या असतील. त्यांच्याबद्दल माझ्याकडे परिपत्रक नाही."

क्षणभर कुणाला कळेना. मग पेंटर खो खो हसला. नव्या संचालकाचा चेहरा उजळला.

"हसू नका," परिपत्रक म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बाई, मी बत्तीस वर्षांत कुणाला सूट दिलेली नाही. ही पहिली आणि शेवटची. ही ओळ आहे तशी ठेवा, मी काही पाहिलं नाही. पण नाव दुरुस्त करून तुमचं खरं नाव घातलंत तर मला टिपण लिहावंच लागेल. मग सोमवारी माणूस येऊन पुसून टाकेल."

"लवकर काय ते सांगा," पेंटर म्हणाला. "अर्ध्या तासात वाळेल. मग पुसून निघणार नाही, खरवडावं लागेल आणि लाकडावर वण राहील."

"राहू द्या बाई," नवा संचालक अजिजीने म्हणाला. "आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे ना, ही ओळ कुणाची ते."

"तुम्हाला आहे. आणि तुमच्यानंतर?"

तो जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून चाळू लागला.

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना सकाळ आठवली. घरी आई होती, त्र्याऐंशीची. पन्नाशी उलटल्यावर आई अक्षरे शिकली, तीही बाईंच्या प्रमाणपत्रांवर बोट ठेवून. सगळ्यांत आधी तिला मुलीचे नाव वाचता आले. मग कुठेही गेली की ती ते शोधायची. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर, स्पर्धेच्या पत्रिकेवर. प्रभारी हा शब्द तिला जोडाक्षरामुळे अडायचा. "हे पुढचं काय गं लावलंय तुझ्या नावाला?" तिने एकदा विचारले होते. "भार आहे, आई," बाई म्हणाल्या होत्या. "तात्पुरता आहे." आज सकाळी डबा हातात देताना आई म्हणाली, "शेवटचा दिवस आहे, कुठे तुझं नाव लागलेलं दिसलं तर फोनमधे फोटो काढून आण. मी वाचेन."

ही ओळ आई वाचेल. अक्षर न अक्षर लावून, वेळ घेऊन वाचेल. आणि मान वर करून विचारेल, ही कोण गं?

"पुसा," बाई म्हणाल्या.

"बाई!"

"पुसा आणि माझं नाव लिहा. पूर्ण. त्याच्यापुढे कंसात प्रभारी लिहा. तेही खोटं नाही."

"सोमवारी जाईल हो ते," परिपत्रक जवळजवळ विनवणीने म्हणाला. "मी टिपण अडवून ठेवू शकत नाही. एकदा पाहिलं म्हणजे पाहिलं."

"तुम्ही लिहा टिपण, भाऊसाहेब. तुमच्यावर राग नाही. अकरा वर्षं मी जिथे सही केली तिथे खरं तेच लिहिलं. आता शेवटच्या दिवशी दुसरीच कुणी बाई होऊन कशाला बसू?"

पेंटरने टर्पेंटाइनमध्ये फडके बुडवले. दोन हातांत श्रीमती प्रभारी गेल्या. खालचे लाकूड काळेभोर, ओले चमकू लागले.

"सांगा," पेंटर म्हणाला.

बाईंनी नाव सांगितले. वडिलांचे सांगितले, आडनाव सांगितले. आवाज जरा घोगरा आला म्हणून पुन्हा सांगितले. पेंटरने ब्रश टेकवला आणि थबकला. "नावात वेलांटी कुठली? पहिली की दुसरी?"

"पहिली," नवा संचालक म्हणाला.

"पहिलीच असणार," परिपत्रक म्हणाला.

"दुसरी," बाई म्हणाल्या. "दीर्घ आहे ते."

पेंटरने दुसरी वेलांटी काढली. वळसा नीट गोल आला. मग शांतपणे एकेक अक्षर उमटत गेले. तिघेही माना वर करून, निकालाच्या पाटीखाली उभे राहावे तसे उभे होते. कंसातला शब्द लिहून झाल्यावर पेंटर खाली उतरला, दोन पावले मागे गेला आणि स्वतःशीच म्हणाला, "बसलं."

बाईंनी फोटो काढला. पहिला हलला, म्हणून दुसरा काढला.

परिपत्रक खिडकीच्या कट्ट्यावर फाईल ठेवून टिपण लिहू लागला होता. दोन ओळी लिहून त्याने पेन थांबवले आणि वर न बघता विचारले, "बाई, दुसरी वेलांटी म्हणालात ना?"

"हो. दुसरी."

त्याने खाडाखोड न करता लिहिले, सही केली आणि जिना चढून गेला. नवा संचालक अडथळे मोजायला भांडारात शिरला. आतून त्याचा आवाज येत राहिला, एक, दोन, तीन, आणि मधेच तो मोजणे विसरला असावा, कारण पुन्हा एकपासून सुरुवात झाली. पेंटर स्टूल आणि डबा घेऊन निघून गेला.

चार वाजले. कॉरिडॉरच्या टोकाकडून झाडणारी बाई लांब झाडू ओढत येऊ लागली. तिच्यापुढे उन्हात धूळ उडत होती. बाई बोर्डाच्या आणि तिच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"जरा थांब गं. रंग ओला आहे, धूळ बसेल."

"किती वेळ लागेल, बाई? मला अजून वरचा मजला करायचाय."

"मग वरचा करून ये आधी. मी थांबते इथे, वाळेपर्यंत."