पंख्याला बटण
दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बटण दाबलं आणि पंखा फिरला नाही.

मोटरसायकल दाराबाहेर उभी होती, तिची टाकी काढून पायरीवर ठेवलेली. इंजिन तापलं की पुढचा पंखा आपोआप सुरू करणारा सेन्सर मेला होता आणि नवा यायला आठ दिवस होते. गाडीचा मालक एका प्रयोगशाळेसाठी दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आणायचा. आठवड्यात दोनदा तो तापलेल्या गाडीसकट सिग्नलला अडकला, दोन्ही वेळा नमुने वाया गेले. सकाळी साहेबांनी अगदी शांतपणे सांगितलं होतं, "आज पाचचा फेरा चुकला, तर उद्यापासून दुसरा माणूस." म्हणून पंखा हातानं चालू करायला बटण, आणि ते बसवायला मेहुणा.

निम्म्या गल्लीच्या घरांचं वायरिंग मेहुण्यानंच केलेलं. खिशात कायम टेस्टर, म्हणून त्याचं नावही टेस्टरच पडलं होतं.

"ताईच्या घरातले सगळे पंखे मी लावलेत, भाऊजी. हा तर तळहाताएवढा." त्यानं टेस्टरचं टोक तारेला लावलं, मागे बोट टेकवलं. दिवा लागला नाही. "करंटच नाही."

"अरे, आत्ता चालवत आणलीय गाडी!"

"माणूस खोटं बोलेल भाऊजी, टेस्टर नाही."

मग त्यानं फ्यूज काढला, पुसला, परत लावला. हेडलाइट उघडून तारांचं जुडगं बाहेर ओढलं. एकेका तारेला टेस्टर लावायचा आणि मान हलवायची, असं तासभर चाललं. शेवटी टेस्टर थेट बॅटरीवर ठेवून त्यानं निकाल दिला, "बॅटरी गेली."

भाऊजींनी घड्याळ बघितलं. तेवढ्यात बायको बाहेर आली.

"झालं का?"

"तुझ्या भावाला विचार."

"चांगलं काम असलं की तुमचा मेहुणा, आणि बिघडलं की माझा भाऊ! काय रे, काय झालं?"

"बॅटरी गेली, ताई."

तिनं हात लांब करून हॉर्न दाबला. समोरच्या गॅलरीत झोपलेलं कुत्रं दचकून उठलं.

मेहुणा टेस्टरकडे बघत राहिला. ताईनं तो त्याच्या हातातून घेतला, मुठीवरची बारीक अक्षरं उजेडात धरून वाचली. "शंभर ते पाचशे व्होल्ट. आणि ही बॅटरी किती?"

"बारा," भाऊजी म्हणाले. "बारा! तासभर!"

"घरात कधी फसला नाही हो," मेहुणा पुटपुटला.

"मग फिरत का नाही तो पंखा?"

आता भाऊजींनी स्वतःच तार बोटानं धरून शेवटपर्यंत नेली. मेलेला सेन्सर ज्या तारेवर होता, तीच मध्ये तोडून मेहुण्यानं तिथे बटण घातलं होतं.

"शहाण्या, बंद दारापुढे दुसरं दार बसवलंस! हे उघडून आत जायचं कसं?"

"घरात असंच घालतात."

"घरातल्या पंख्याला सेन्सर असतो का?"

त्यांनी सेन्सरची तार सोडवली आणि करंटला सेन्सर वगळून वाट मिळावी म्हणून बटणाचं मोकळं टोक थेट गाडीच्या सांगाड्याला स्क्रूनं आवळलं. चार पस्तीसला पंखा फिरला.

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" मेहुणा म्हणाला. भाऊजींच्या तोंडात चार स्क्रू होते, म्हणून उत्तर टळलं.

टाकी बसवून भाऊजी एकटेच निघाले. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात एक ट्रक वळता वळता आडवा अडकला होता. बटण चालू होतं, पण गर्दीच्या गोंगाटात पंख्याचा आवाज ऐकू येईना. वाकून बघावं, तर मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ, झोपलात का?"

चार वाजून सत्तावन्न मिनिटांनी तापमानाचा काटा तांबड्या रेघेला टेकला. तिथून तो अजून वर गेला नव्हता आणि खालीही आला नव्हता.