तिसरी दवली

मी एक जुनी दवली आहे, करवंटीची. शहरातल्या मुलांनी मला पाहिलं नसेल, म्हणून सांगते. नारळाची अर्धी करवंटी घासून गुळगुळीत करायची, तिला दोन भोकं पाडायची, त्यांतून बांबूची दांडी आरपार घालायची. झाली दवली. पेज ढवळायला, आमटी वाढायला. मित्रांनो, मी कुणी थोर वस्तू नाही. पण मी जे पाहिलं ते सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून मलाच तोंड उघडावं लागतंय.

मला लवूने घडवलं. त्याची बायको सत्यवती मालवणजवळच्या एका गावात, चौथीपर्यंतच्या शाळेत मुलांचं जेवण शिजवायची. शाळेतला पत्र्याचा डाव चुलीवर तापून तिचा हात भाजायचा. लवूने शाळेच्याच माडाचा नारळ फोडला आणि दोन दिवस माझ्या पाठीवर काच घासत बसला. त्यानंतर चौदा वर्षं मी तिच्या हातात होते.

शाळेत दोन शिक्षक. मंगेश सर मुख्याध्यापक आणि प्राजक्ता बाई. बाई कुडाळहून यायच्या. पहाटे उठून पहिली एसटी गाठायची म्हणजे पोटात काही जाणार कसं? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात प्रार्थनेला उभ्या असताना त्यांना भोवळ आली. दुसऱ्या दिवसापासून सत्यवती प्रार्थनेआधी चुलीपाशी पेजेचा वाडगा आणि खारातल्या आंब्याची एक फोड ठेवू लागली.

"बाई, आदी पेज जेवा, मगे हजेरी. पोटात काय नाय तर आवाज खंयसून येतलो?"

"सत्यवती, हे मुलांचं आहे."

"मुलांचा नाय, माझ्या घरचा आसा. आणि तुमीव कोणाची तरी मुलगीच."

अकरा वर्षं बाईंनी ती पेज खाल्ली.

आता तिसऱ्या दवलीची गोष्ट. सत्यवती प्रत्येक ताटात आमटीच्या दोन दवल्या घालायची. पण काही ताटांत तीन पडायच्या. कुणाच्या, ते समुद्र ठरवायचा. वारा असला, होड्या वाळूवर ओढलेल्या असल्या, की मासेमाऱ्यांच्या घरी त्या दिवशी चूल बेताचीच पेटते. शाळेत येताना सत्यवती किनाऱ्यावरून यायची आणि कुणाची होडी सुटली नाही ते बघून ठेवायची. मुलांना ती कधी काही विचारायची नाही. उपाशी आहेस का, असं चारचौघांत विचारणं म्हणजे पोराला उघडं करणं, हे तिला कळत होतं. ज्यांना वाढायचंच नसतं त्यांना हे कळत नाही.

प्राजक्ता बाईंना मात्र तिने एकदा सांगितलं होतं. तिसरीतल्या संजनाच्या ताटाकडे बघत हळूच म्हणाली होती, "तिच्या बापाशीची होडी चार दिस जावक नाय."

निकेत नावाचा एक खादाड मुलगा होता. तो रोज ओरडायचा, "काकी, माका पण तीन."

"तुझ्या पोटाक तळ आसा काय रे? काल तुमच्याकडे कोंबडी होती. वास माझ्या दारापर्यंत इललो."

सगळी पंगत हसायची. निकेतसुद्धा.

मग एका श्रावणात वरून तपासणीचे साहेब आले. आठवडाभर समुद्र खवळलेला. साहेब पंगतीत फिरले आणि संजनाच्या ताटापाशी थांबले.

"हिला तीन आणि या मुलाला दोन? असं का?"

संजनाने घास तोंडाशी धरला होता, तो खाली ठेवला.

सत्यवतीने प्राजक्ता बाईंकडे बघितलं. फक्त एकदाच. बाईंना सगळं ठाऊक होतं. साहेबांना बाजूला नेऊन एक वाक्य सांगायचं होतं, बस्स. पण बाईंची कुडाळजवळ बदली व्हायची होती, अर्ज गेलेला होता. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

मग सत्यवतीच बोलली. "हात चुकलो माझो, सायबानू."

साहेब वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे दिसलं ते लिहिलं. वाढताना भेदभाव, करवंटीचं अस्वच्छ भांडं, स्वयंपाकाची बाई बदलावी. मंगेश सरांनी सही केली. खाली प्राजक्ता बाईंनी केली. मी अस्वच्छ! रोज राखेने घासून उन्हात पडायचे मी. पण ते जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेजेचा वाडगा चुलीपाशी होताच, खाराच्या फोडीसकट. बाईंनी ती पेज उभ्यानेच संपवली. मान वर केली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सत्यवती आली नाही. जेवण गावाबाहेरून टेम्पोतून येऊ लागलं. स्टीलचे डबे, स्टीलचा डाव, सगळ्यांना अगदी सारखं आणि सगळ्यांना अगदी थंड. समुद्र कसा आहे हे त्या डावाला कोण सांगणार? मला प्राजक्ता बाईंनी वर्गातल्या खिळ्याला अडकवलं. वापराविना करवंटी सुकते. माझ्या तळाला चीर गेली.

मे महिन्यात सत्यवती तापाने गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. मंगेश सरांनी फळ्यावर 'कै. सत्यवती' लिहिलं आणि त्यांचा खडू थांबला.

"बाई, आडनाव काय हो तिचं?"

बाईंना सांगता आलं नाही. तिची चौदा वर्षांची नोकरी आणि अकरा वर्षांची पेज, तरी दोघांनाही नाही. फळ्यावर पुढची जागा तशीच कोरी राहिली आणि दुपारी कुणीतरी त्यावर गणितं लिहिली.

बाईंची बदली झालीच नाही. उलट यंदा मुलं नऊच उरली आणि शाळा बंद करून शेजारच्या गावातल्या शाळेत मिसळायचा हुकूम आला. एप्रिलमधल्या शेवटच्या दिवशी सगळी गेली, फक्त संजना दारात उभी राहिली. आता ती चौथीत होती. तिने माझ्याकडे बोट केलं.

"बाई, माझ्यामुळे काकीक काढल्यानी ना?"

जवळजवळ दोन वर्षं त्या पोरीने हे पोटात ठेवलं होतं, मित्रांनो. आठ वर्षांची असल्यापासून.

बाई बाकावर बसल्या. शाळेत त्या कधी मालवणी बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "नाय गो. माझ्यामुळे. माका ठावक होता, आणि मी बोलाक नाय."

संजना दारातून दोन पावलं आत आली.

"मगे ह्या काकीक सांगलास?"

बाईंनी मान हलवली. नाही.

संजनाने दप्तर उचललं आणि ती निघून गेली. बाई उठल्या, मला खिळ्यावरून काढायला त्यांनी हात वर केला, आणि तसाच खाली घेतला. मग बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. करवंट्या गावात पुष्कळ आहेत. तुमच्या शाळेत तुम्हाला कोण वाढतं, तिचं पूर्ण नाव उद्याच विचारून घ्या. आणि तिने कधी तुमच्याकडे एकदाच बघितलं, तर भिंतीकडे बघू नका.

तिचं आडनाव मलाही ठाऊक नाही. दवलीला कोण सांगतं?