मंडळी जेवताहेत

माळीबुवा गेले आणि मागे परसात त्यांचा कचऱ्याचा ढीग तेवढा गरम राहिला. पाला, भाज्यांची सालं, गवत, शेण असे थर लावून तो त्यांनीच रचला होता. डोळ्यांना न दिसणारे जीव ते सगळं खाऊन त्याची काळी माती करतात आणि त्या खाण्यानंच आत ऊब येते, हे त्यांनी बायकोला हजारदा ऐकवलं होतं. त्या जिवांना ते ‘आपली मंडळी’ म्हणत. रोज सकाळी ढिगात लोखंडी सळई खुपसायची, उपसून तळहाताला लावायची आणि "मंडळी जेवताहेत" म्हणून खूश व्हायचं. घरात कोण जेवलं, कोण उपाशी, याची विचारपूस मात्र कधी नाही!

आता सळई बाईंच्या हाती आली. पहिल्याच दिवशी ती हाताला माळीबुवांचा हात लागावा तशी लागली. ही ऊब विझू द्यायची नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं. सालं पुरेनात, तेव्हा कपाट उघडलं. नवऱ्याचे सदरे दोनच. एक त्यांच्या अंगावर चितेत गेला, दुसरा त्यांनी बटणांसकट कातरून चिंध्या करून ढिगात घातला. मग लोकरीचा स्वेटर, रुमाल, उशीचा अभ्रा. मंडळींनी सगळं फस्त केलं. मुलगा चिडायचा, वेड लागलंय का म्हणायचा. बाई चिंध्या कातरत राहायच्या.

एके सकाळी सळई गार निघाली. बाईंनी कपाट उचकलं, तर नवऱ्याचं म्हणावं असं काही शिल्लकच नव्हतं. मुलाला बरंच झालं. खत तयार झालंय, वाफ्यांत पसरून टाकू, म्हणत त्यानं फावडं घेतलं. वारा लागला तर मंडळी पुन्हा जागी होतील, या आशेनं बाईंनी त्याला अडवलं नाही.

निम्मा ढीग उपसला आणि फावडं थांबलं. काळ्याभोर मातीत सदऱ्याची बटणं एका रेघेत होती, अंगावर असावीत तेवढ्याच अंतरानं. चिंध्या तर बाईंनी चारी बाजूंना टाकल्या होत्या. गळ्याचं बटण तेवढं जरा बाजूला पडलं होतं. ते माळीबुवांनी जन्मात कधी लावलं नव्हतं.

मुलानं फावडं टाकलं. त्यानं मातीला हात लावला. गार होती. तो तिथंच गुडघ्यांवर बसला.

"आई," तो हळूच म्हणाला, "बाबांचं अजून काही उरलंय का गं घरात?"

बाईंनी पदरानं सळई पुसली आणि त्याच्याकडे पाहिलं. नाक, खांदे, बोटं, सगळं बापाचंच.

"तूच तेवढा," त्या म्हणाल्या.