हिवाळ्याची वेगळी चाकं

'तुझ्याच्यानं हे व्हायचं नाही' असं कुणी म्हटलं, की मैत्री ते हमखास करून दाखवायची. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर प्रज्योतला हे पाठ झालं होतं, म्हणून तो सहसा तसं म्हणत नसे. पण त्या डिसेंबरात त्याच्या तोंडून गेलंच.

"सखीरच्या वाळूत? आपली एवढीशी सुझुकी? मैत्री, हे तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

मैत्रीनं पोळी तव्यावर उलटली. "बघू," ती म्हणाली.

मैत्री बहारीनमध्ये, मनामातल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होती. साखरेच्या आजाराची म्हातारी माणसं, त्यांच्या पायांना चिघळलेल्या जखमा, त्यांची घरोघरी जाऊन पट्टी बदलायची, हे तिचं काम. हात हलका, नजर तीक्ष्ण. डॉक्टरसुद्धा जखमेबद्दल तिला आधी विचारत आणि मग कागदावर लिहीत. तिच्या पेशंटांत एक होत्या खदिजा. सत्तरीच्या, ताठ कण्याच्या, घरात साऱ्यांना धाकात ठेवणाऱ्या. त्यांच्या उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी जखम झाली होती. मैत्रीनं ती दोन महिने राखून राखून अर्ध्यावर आणली होती.

तेवढ्यात थंडी पडली. बहारीनमध्ये थंडी पडली की उन्हाळाभर एसीत कोंडलेली माणसं सखीरच्या माळावर तंबू ठोकतात आणि मार्च उजाडेपर्यंत तिथंच रमतात. खदिजा लहानपणापासून एकही हिवाळा घरात राहिल्या नव्हत्या. या वर्षी डॉक्टर म्हणाले, नाही. मुलगा इलियास म्हणाला, नाही. खदिजांनी औषध घेणं सोडलं नाही, जेवणही सोडलं नाही. फक्त बोलणं सोडलं. चार दिवस त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, आणि पाचव्या दिवशी मैत्रीनं पट्टी बांधता बांधता इलियासला सांगितलं, "यांना जाऊ द्या. पाय जमिनीला लावायचा नाही, एवढं यांनी पाळलं तर घर काय नि तंबू काय. पट्टीला मी तिकडं येईन."

खदिजांनी मान वळवली. जुन्या पिढीतल्या बहारीनींना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी त्यांना येत होतं. "पक्का, बिन्ती?" त्यांनी विचारलं. बिन्ती म्हणजे माझी पोरी.

"पक्का, हज्जिया." हज करून आलेल्या बाईला तिकडं मानानं अशीच हाक मारतात.

बोलून बसली खरी, पण पहिल्याच खेपेला फजिती झाली. सखीरच्या विद्यापीठाच्या पुढे डांबरी रस्ता सुटला, आणि तंबू समोर दिसत असतानाच सुझुकीची मागची चाकं वाळूत रुतली. मैत्रीनं जितका जोर दिला तितकी ती खाली गेली. शेवटी सामानाची पेटी उचलून ती पायी निघाली, पट्टी नीट बदलली, आणि परत येऊन पाहते तो गाडी दारापर्यंत बसलेली. दिवसा तंबूत बायकामुलंच असत, पुरुष आणि मोठ्या गाड्या शहरात कामावर. संध्याकाळी इलियास आला, त्यानं आपल्या भल्या थोरल्या गाडीला दोर बांधून सुझुकी ओढून काढली आणि हात झटकले.

"सिस्टर, खलास. शुक्रवारी आईला घरी नेतो. तुमची गाडी रोज कोण ओढणार?"

"शुक्रवारपर्यंत थांबा," मैत्री म्हणाली. "त्याच्या आत माझी मी आले नाही, तर खुशाल न्या."

घरी प्रज्योतनं तिच्या बुटांतून निघालेला वाळूचा ढीग पाहिला आणि तेव्हाच ते वाक्य त्याच्या तोंडून गेलं. पण तो मनाचा वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर तोच तिला घेऊन मीना सलमान बंदराजवळ, जैनुद्दीनच्या टायरच्या दुकानात गेला.

जैनुद्दीन केरळचा. गोदामांच्या रांगेत त्याचं दुकान, बाहेर टायरांच्या उतरंडी, आत रबराचा उग्र वास. त्यानं मैत्रीचं ऐकून घेतलं आणि एक जोडी लोळवत आणली. जाडजूड, खोल नक्षीची, ट्रॅक्टरच्या चाकासारखी दातेरी.

"ये लेके जाओ, मॅडम. सब यंग लोग यही डालते हैं."

प्रज्योतचे डोळे चमकले. "हीच घे. बघ कसली पकड आहे! आणि हीच कायम ठेव. चाकांचे दोन-दोन संच कशाला? एका गाडीला आठ चाकं का कुणी घेतं?"

मैत्री टायरापुढं उकिडवी बसली, दात्यांवरून बोटं फिरवली. काल चाक फिरत होतं आणि वाळू मागं उडत होती, ते तिला आठवत होतं.

"हे दाते काय करणार? चिखलात धरतील. कोरड्या वाळूत मात्र उकरतील. काल साधी नक्षी असून चाकानं खड्डा पाडला, हे तर विहीर खणेल." ती उठली. "अहो, मी रोज काय करते? पेशंटचा सगळा भार एका ठिकाणी आला की तिथली कातडी फाटते. मग आम्ही रुंद, मऊ तळव्याची चप्पल देतो. भार पसरला की पाय वाचतो. मला वाळूची कातडी फाडायची नाही. मला तिच्यावरून जायचंय."

जैनुद्दीन हसला. "मॅडम सही बोला. चौडा, नरम, हवा कम." तो आतून दुसरे टायर घेऊन आला. रुंद, फुगीर, वर नुसत्या उथळ रेघा. किंमत ऐकून प्रज्योतनं वर छताकडे पाहिलं. मग जैनुद्दीननं एक वापरलेली जोडीही दाखवली, तसलीच, निम्म्यात. मैत्रीनं टायर फिरवून आतली बाजू उजेडाकडे धरली. रबराला बारीक चिरा होत्या. तिनं अंगठा दाबला, रबर दबेना.

"या टाचेच्या भेगा मला चांगल्या ओळखीच्या आहेत," ती म्हणाली. "उन्हानं वाळलंय हे. नको."

नव्यांतही तिनं सगळ्यांत रुंद घेतले नाहीत. एक चाक लावायला लावून तिनं स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं, तर रबर पत्र्याला घासलं. एक माप उतरून घेतलं, तेव्हा मोकळं फिरलं.

"अभी यही पुराना रिम पे चढा दूँ?" जैनुद्दीननं विचारलं.

"नाही. रिमसुद्धा वेगळ्या."

"मैत्री!" प्रज्योत म्हणाला.

"ऐका तरी. हे मऊ टायर रोज हायवेवर पळवले तर महिन्यात तापून खराब होतील, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागेल तेव्हा मी कुठं जाईन ते सांगता यायचं नाही. तंबूत मी एकाआड एक दिवस जाते, बाकीचे दिवस शहरात. दर वेळी टायर रिमवरून उतरवून चढवायचे का? रिमसकट असले की दारात जॅक लावायचा, नट काढायचे, बदलायचे. मी बदलेन. तुम्ही नुसते उभे राहा."

"मी कशाला उभा राहू?" प्रज्योत गुरगुरला. तो एका कंपनीत यंत्रांची देखभाल करणारा माणूस, जॅकचं काम बायकोनं करावं हे त्याला कसं रुचणार? "मी बदलेन. आणि पाचवं घे."

"पाचवं?"

"स्टेपनी. एक पंक्चर झालं तर तीनच रुंद आणि चौथं अरुंद घेऊन वाळूत नाचणार आहेस?"

मैत्रीनं नवऱ्याकडे मोठ्या कौतुकानं पाहिलं. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. पाच चाकं आली, सिगरेट-लायटरच्या भोकात लावायचा एक छोटा पंपही आला.

गुरुवारी सकाळी डांबर संपलं तिथं ती थांबली. चारही चाकांतली थोडी थोडी हवा तिनं सोडली, तसे टायर हळूहळू पसरून बसले. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, न जोर करता ती निघाली. परवाचा खड्डा डावीकडे दिसला, मागं गेला. सुझुकी होडीसारखी डुलत डुलत थेट तंबूच्या दोरापाशी जाऊन उभी राहिली. खदिजा उशीला टेकून बाहेर बसल्या होत्या. त्यांनी टाळी वाजवली. इलियासला रात्री काय ऐकावं लागलं असेल, ते मैत्रीनं विचारलं नाही. शुक्रवारी कुणी कुणाला घरी नेलं नाही.

खरी परीक्षा जानेवारीत आली. रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मैत्री पोचली, तर सखलातल्या खारट जमिनीचा पांढरा लगदा झाला होता, आणि त्यात इलियासची थोरली गाडी पोटापर्यंत फसली होती. इलियास गुडघाभर चिखलात उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

"येऊ नका! आईला बरं नाही, मी मदत आणायला निघालो आणि इथं अडकलो!"

मैत्रीनं गाडी थांबवली. उतरून पायानं जमीन चाचपली. जिथं मिठाची साय चमकत होती तिथं पाय आत जात होता. उजवीकडे मात्र वाळूचा एक उंचवटा लांबवर वळण घेऊन तंबूंकडे गेला होता. पावसानं वरची वाळू उलट दबून बसली होती. तिनं चिखलाचा नाद सोडला आणि उंचवट्यावर गाडी चढवली. एकदा मागचं चाक घसरलं. तिनं जोर वाढवला नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलून धरला, मग अलगद दाबला. गाडी सावरली.

तंबूत खदिजा घामानं निथळत होत्या, ओठ थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. कणकण असल्यानं रात्री जेवल्या नव्हत्या आणि साखर उतरवायची गोळी मात्र नेमानं घेतली होती. मैत्रीनं बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून साखर पाहिली आणि तिचा अंदाज खरा निघाला, साखर फारच उतरली होती. त्यांना गिळता येतंय याची खात्री करून तिनं ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. सुना भोवती उभ्या राहून रडत होत्या. "रडू नका, खजूर आणा," मैत्री म्हणाली. थोड्या वेळानं खदिजांचे डोळे जागेवर आले. त्यांनी पहिला शब्द काढला तो सुनेला, खजूर कोरडे आणले म्हणून.

मैत्री मोठ्यानं हसली. तिनं पेटी बंद केली.

"हज्जिया, डॉक्टरला दाखवायचं. आत्ता."

"और वापस?"

"डॉक्टर हो म्हणाले की मीच आणते. इंशाल्ला."

खदिजांना पुढच्या सीटवर बसवलं, पायाखाली उशी दिली. वाटेत इलियासला मागं घेतलं. तो चिखलानं माखून पेटीशेजारी अंग चोरून बसला होता. डांबर लागल्यावर मैत्री पंप लावून चाकं फुगवू लागली, तेव्हा तो खाली उतरला. वाकून टायरावरून हात फिरवला, हे रबर कुठं मिळतं ते विचारलं. तिनं जैनुद्दीनचं दुकान सांगितलं आणि दम भरला, "दातेरी दाखवील. घेऊ नका."

खदिजा दोन रात्री घरी राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तंबूत गेल्या. फेब्रुवारीच्या अखेरीस मैत्रीनं पट्टी सोडली, तर खाली गुलाबी, कोवळी, मिटलेली कातडी. तिनं आणलेली रुंद मऊ चप्पल त्यांच्या पायात घातली आणि हात पुढं केला. खदिजांनी तो धरला नाही. त्या आपल्या आपण उभ्या राहिल्या, वाळूत दहाबारा पावलं चालून गेल्या आणि वळून म्हणाल्या, "यल्ला, चलो बिन्ती, चाय थंडी हो रही है."