सहा घोडे जास्त

अण्णीने, म्हणजे माझ्या वहिनीने, खडू घेतला आणि गाडीपुढच्या मोठ्या पंख्याच्या पायांभोवती फरशीवर रेघ ओढली. मग गाडीचं बॉनेट स्वतःच्या हाताने दाबून बंद केलं आणि देवसहायमला म्हणाली, "आता दोन्ही वेळेला हे असंच राहील. उद्या कुणी म्हणायला नको, बाईने पंखा सरकवला."

"तंगच्ची, मशीन माझं आहे. माझ्यावरही विश्वास नाही?" देवसहायमने विचारलं. माझ्या भावाचा तो जिवलग, त्यामुळे अण्णीला तो बहीणच म्हणतो.

"तुमच्यावर आहे. याच्यावर नाही," असं म्हणून तिने कवियरसनकडे बोट दाखवलं.

कवियरसन हसला. गाडी त्याची होती. हा पोरगा रॅलीत गाडी चालवतो आणि उरलेला वेळ मोबाइलसमोर बसून जगाला अक्कल शिकवतो. पंधरा दिवसांपूर्वी त्याने आमच्या कारखान्यातल्या एअर फिल्टरची पेटी कॅमेऱ्यासमोर धरली होती. पेटीवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'सहा घोडे जास्त', म्हणजे इंजिनाची ताकद सहा हॉर्सपॉवरने वाढते. तो म्हणाला होता, घोडे कुठले, हे तर चार पदरी कापड आहे, तेल लावून जाळीत शिवलेलं. झालं. ईरोड आणि सेलमच्या दुकानदारांनी माल घेणं थांबवलं. गोदामात पेट्या छताला लागल्या आणि जाळीला घड्या घालणाऱ्या आम्ही बाया रिकाम्या हातांनी एकमेकींची तोंडं बघत बसलो.

दुसरी एखादी असती तर वकील गाठला असता. आमची अण्णी, कालमणी तिचं नाव, थेट कवियरसनच्या घरी गेली. त्याच्या आईसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणाली, हातच्या कांकणाला आरसा कशाला? तुझी गाडी आण, देवसहायमच्या ताकद मोजणाऱ्या मशीनवर चढव. खरं निघालं तर भर चौकात माफी माग. खोटं निघालं तर पेटीवरची ओळ मी माझ्या हाताने पुसेन. ही गोष्ट तासाभरात आमच्या अख्ख्या पीळमेडू वस्तीत पसरली.

मला यात काळजीचं काही वाटलं नव्हतं, कारण तो फिल्टर माझ्या भावाने केलेला. नाच्चिमुत्तु खोटं बोलणाऱ्यातला नव्हताच. नवऱ्याचं घर सोडून मी आले तेव्हा नातेवाईक दार लावून बसले होते. त्याने एक शब्द विचारला नाही, हातात पक्कड दिली आणि जाळी कशी वाकवायची ते दाखवलं. असल्या माणसाने पेटीवर लिहिलेलं मी देवाच्या वाक्यासारखं मानत होते, आणि त्याला जाऊन चार वर्षं झाली तरी मानत होते.

पहिल्यांदा कंपनीचा कागदी फिल्टर लावून गाडी रोलरवर धावली. शेडचा पत्रा थरथरला. पडद्यावर रेघ चढली आणि आकडा आला, एक्क्याऐंशी. मग आमचा लावला. एक्क्याऐंशी. अण्णी म्हणाली, परत. परत लावला तर ऐंशी. पुन्हा कागदी, पुन्हा एक्क्याऐंशी. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

कवियरसनच्या ओठांवर हसू आलं. "तुमचं रडून झालं की हाक मारा, अक्का," एवढं म्हणून तो जेवायला निघून गेला.

देवसहायमला ते सहन झालं नसावं. तो म्हणाला, शेड भट्टीसारखी तापली आहे, गाडीला जरा श्वास घेऊ द्या. त्याने बॉनेट उघडलं आणि पश्चिमेचं शटर वर सरकवलं. आडी महिना चालू होता, आषाढाच्या सुमाराचा. आमच्याकडे म्हणतात, आडीच्या वाऱ्यात पाटासुद्धा उडतो. पालघाटच्या खिंडीतून आलेला तो वारा थेट शेडमध्ये शिरला आणि अण्णीचा पदर तिच्या तोंडावर गेला. आम्ही तिथेच बसून डबा खाल्ला. जेवण होऊन हात वाळले तेव्हा आमचा फिल्टर परत लावला आणि बॉनेट उघडं ठेवूनच गाडी धावली.

सत्त्याऐंशी.

मी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. सहा घोडे, मोजून सहा, जसे माझ्या भावाने लिहिले तसेच. कवियरसनला कॉलर धरून आणते म्हणत मी दाराकडे निघाले.

"पूंगोडी, थांब," अण्णी म्हणाली. तिचा आवाज मला आवडला नाही. "अण्णा, आता कागदी लावा. पण आधी गाडी तेवढीच थंड होऊ द्या. बॉनेट उघडं, शटर उघडं. सगळं तसंच."

देवसहायम म्हणाला, कशाला? मीही म्हटलं, कशाला? तिने आम्हा दोघांकडे पाहिलं नाही. गाडी थंड होईपर्यंत ती स्टुलावर ताठ बसून होती, जशी माझ्या भावाच्या दहाव्याला बसली होती. कवियरसन जेवून समोरच्या टायरवाल्याकडे गप्पा हाणत होता. त्याचं हसणं आम्हाला ऐकू येत होतं.

कागदी फिल्टरवर गाडी धावली. सत्त्याऐंशी.

देवसहायमने मशीन बंद केलं. रोलर थांबला. मग अण्णीने हळूच विचारलं, "यांनी हा फिल्टर पहिल्यांदा मोजला तेव्हा काय झालं होतं, अण्णा? मशीन नवीन आलं त्या दिवशी."

"काय व्हायचंय? आडीची अठरावी होती. नव्या कामाला चांगला दिवस."

"बुधवार होता. मी लिंबूभात घेऊन आले होते."

"हो."

"मी आले तेव्हा मशीन बंद होतं. तुम्ही दोघं बाहेर दगडावर बसला होतात. का बसला होतात?"

देवसहायमने डोक्यावरून हात फिरवला. "राहुकाळ होता ना. बारा ते दीड. कागदी फिल्टरचं झालं होतं. गाडी उन्हातून आलेली, तशीच चढवली होती. मुत्तु म्हणाला, आपला माल पहिल्यांदाच लावायचा आणि तोही राहुकाळात? थांबू. थांबलो. तू भात आणलास, जेवलो. दीड वाजला, कापूर लावला आणि..."

"आणि बॉनेट?"

"गाडीला हार घातला होता, तंगच्ची. बॉनेट उघडून इंजिनाला चंदन लावलं होतं. ते तसंच राहिलं."

आता हसावं की रडावं? राहुकाळ आमच्यात कोण मोडतो? पोरीला बघायला येणारे पाहुणेसुद्धा त्या वेळात कोपऱ्यावर गाडी उभी करून ताटकळतात. तसा माझा भाऊ थांबला, लिंबूभात जेवला, इंजिन गार झालं, आणि खिंडीतल्या वाऱ्याने जे दिलं ते त्याने फिल्टरच्या नावावर लिहिलं. इतकी वर्षं गिऱ्हाइकं शपथेवर सांगत होती की गाडी हलकी पळते. नवी चप्पल घातली की माणूसही दोन दिवस भराभर चालतो, त्यातलाच तो प्रकार. आणि मी ते देवाचं वाक्य मानलं होतं.

देवसहायम खाली आवाजात बोलू लागला. तो पोरगा अजून बाहेरच आहे. त्याला आपलं जेवणानंतरचं दाखवू. पडद्यावर सत्त्याऐंशी आहे ते खरंच आहे, आपण कुठे खोटं लिहिलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. मुत्तुचं नाव राहील, तुमची चूल राहील.

मी म्हटलं, "अण्णी, ऐक त्याचं. माझ्या भावाला लबाड ठरवू नकोस. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही."

ती माझ्याकडे वळली. इतकी वर्षं एका चुलीवर जेवलो, पण अशा नजरेने तिने मला कधी पाहिलं नव्हतं.

"तुझा भाऊ लबाड नव्हता. त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. आता मला माहीत झालंय. आजपासून ती ओळ पेटीवर राहिली तर ती त्याची चूक नाही, माझी लबाडी. आणि ती मी त्याच्या नावाने विकायची? का म्हणून?"

मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर ती बरोबर बोलत होती याचा राग आला. मी शेडच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

तिने स्वतः दारात जाऊन कवियरसनला हाक मारली. आल्यावर मोबाइल काढायला लावला, सुरू करायला लावला आणि कमरेला पदर खोचून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. सहाही आकडे तिने सांगितले. राहुकाळ सांगितला, लिंबूभात सांगितला, तो आपणच रांधला होता हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "सहा घोडे नाहीत. एकही नाही. हे कापड आहे. धुतलं की परत वापरता येतं, कागद टाकून द्यावा लागतो. ज्याला धुवायचा कंटाळा नाही त्याने घ्यावं. ज्याला घोडे हवेत त्याने जत्रेत जावं."

कवियरसनचं हसणं केव्हाच मावळलं होतं. मोबाइल खाली करून तो म्हणाला, "अक्का, हे नाही टाकलं तरी चालेल. मी माझा जुना व्हिडिओ काढून टाकतो. गुपचूप ओळ बदला, संपलं."

"तुझी दया मागितली मी?" अण्णी म्हणाली. "टाक. आजच टाक. आणि पुढच्या वेळी कुणाचा माल नावं ठेवायला उचललास तर आधी मशीनवर चढव. तूसुद्धा नुसतं तोंडानेच बोलला होतास."

त्याने मान खाली घातली. मला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला जाणार नव्हते. गेले, कारण घरात बसून करणार काय? अण्णी कारखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीला शिडी लावून उभी होती, हातात चुन्याची बादली. त्या भिंतीवर माझ्या भावाने पेंटर बोलावून सहा घोडे काढून घेतले होते, एकामागे एक, निळ्या रंगात, माना वर करून धावणारे. घोड्यांखाली त्याचं नाव होतं. पेंटरला घोड्याचे पाय नीट जमत नव्हते म्हणून तो दिवसभर उन्हात उभा राहून त्याच्याशी भांडला होता.

शिडी हलत होती, म्हणून मी जाऊन धरली. आतून फोन वाजला. एका बाईने येऊन सांगितलं, ईरोडचे विचारतायत, पेट्या परत पाठवू का? अण्णी वरूनच म्हणाली, "पाठवा म्हणावं. ओळ पुसून परत देईन. नको असतील तर तेही सांगा म्हणावं."

पाच घोड्यांवरून कुंचला फिरला. सहाव्यापाशी मी म्हटलं, "एक तरी ठेव, अण्णी."

"कुठला ठेवू?" ती म्हणाली. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने तोही रंगवला. खालच्या नावाला तिने एक थेंबही लागू दिला नाही. जिथे ओघळ गेला तिथे पदराने पुसला.

खाली उतरल्यावर आम्ही दोघी रस्त्याच्या पलीकडे चहावाल्याच्या बाकावर बसलो. चुना ओला असतो तोवर खालचं दिसत राहतं. सहाही घोडे दिसत होते, पाय, माना, शेपट्या, सगळं. अण्णीने कॉफीचा पेला हातात धरला होता, प्यायली नाही. ऊन चढत गेलं तशी भिंत वाळत गेली आणि ते एकेक करून पांढरे झाले. शेवटचा जाईपर्यंत आम्ही बसलो, आणि मग उठून कामाला लागलो.