एकाच पिशवीतलं

"दिवसाला किती सिगारेटी?" मी विचारलं.

"एकपण नाही," सेसिल अंकल म्हणाले. त्यांच्या बोटांतून धूर निघत होता.

"मग ही काय?"

"ही टॉलीची आहे. मी नुसती धरलीय."

शेजारच्या खुर्चीतून टॉली अंकलनी मान डोलावली. "खरं बोलतोय तो. ईस्टरपासून यानं स्वतःच्या पैशानं एक काडी घेतली असेल तर शपथ. फुकट्या आहे नुसता!"

मी रकान्यात शून्य लिहिलं, मग खोडलं. पुढचा प्रश्न बिअरचा होता. किती ग्लास?

"एकच."

"अंकल!"

"अगं, ग्लासच एक आहे आमच्याकडे. तो फिरतो."

भाज्या किती खाता, या प्रश्नावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बटाटा भाजीत धरतात का, असं टॉली अंकलनी फार अदबीनं विचारलं. चालण्याच्या रकान्यात मात्र सेसिल अंकल ताठ झाले. "रोज संध्याकाळी जुन्या मिशनपर्यंत, नदीवर. दोन मैल जायला, दोन मैल यायला. लिही. मोठ्या अक्षरात लिही."

आमच्या आदिवासी आरोग्य केंद्रात मला कामाला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती. कागद सिडनीहून यायचे. धूम्रपान, दारू, आहार, चालणं असे चार प्रश्न आणि चार रकाने. ते भरायला मी बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनामागच्या मोठ्या झाडाखाली जायची, कारण केंद्रात कुणी यायचं नाही. या दोघांच्या खुर्च्या तिथे कायमच्या. मधे खोकं, खोक्यावर पत्ते, किटलीत काळा चहा, माणशी चार चमचे साखर. दोघं सख्खे भाऊ नव्हते. पण आमच्यात आईच्या बहिणीचा मुलगा म्हणजे भाऊच, त्याला वेगळा शब्द नाही. मी तीन वर्षांची असल्यापासून त्या खोक्याशेजारी खेळले आहे. चहा आणि तंबाखूचा तो एकत्र वास मला अजून आवडतो. केंद्रात हे बोलायची सोय नाही.

त्या दिवशी मी कागदासाठी नव्हते गेले, खरं तर. सेसिल अंकलच्या डाव्या पायाचा अंगठा जांभळा पडला होता आणि महिन्यातून एकदा विमानानं येणाऱ्या डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. पायाची रक्तवाहिनी तुंबली आहे, सिडनीत शस्त्रक्रिया होईल, पण त्याआधी सहा आठवडे एकही झुरका नाही. झुरका मारला तर शस्त्रक्रिया टिकणार नाही, आणि मग पाय गुडघ्याखालून जाईल.

"पाय गेला तर नदीवर मला कोण नेणार? हा?" अंकलनी टॉलीकडे बोट दाखवलं. "याच्या पाठीवर बसून जाऊ होय?"

"तुझ्यापेक्षा मासे हलके," टॉली अंकल म्हणाले.

हसून झालं. मग सेसिल अंकलनी हातातली सिगारेट टॉलीला परत दिली आणि मला विचारलं, "सांग बाई. काय करू?"

मी प्रशिक्षणात शिकले होते ते पोपटासारखं सांगितलं. जिथे सिगारेट, तिथे जायचं नाही. सवयीची जागा टाळायची, सवयीची माणसं टाळायची.

अंकल उठले. त्यांचं घर समोरच, रस्त्यापलीकडे. लंगडत गेले आणि व्हरांड्यात बसले.

तीन आठवडे त्यांनी माझं सांगणं पाळलं. मी दर सोमवारी जायची. पहिल्या आठवड्यात सिगारेट गेली. सिगारेटीशिवाय चहा घशाखाली उतरेना म्हणून चहा गेला, चहाबरोबर साखरही गेली. पत्त्यांशिवाय बिअर कशाला, म्हणून बिअरही गेली. मी कागद सिडनीला पाठवला तेव्हा तिकडच्या बाईंनी फोन करून माझं कौतुक केलं. म्हणाल्या, अशा सवयी घोळक्यानं येतात हे आम्हाला माहीत होतं, पण घोळक्यानं गेलेल्या पहिल्यांदाच पाहतोय.

मी दिवसभर हवेत होते. चौथ्या सोमवारी गेले तर अंकल अंथरुणात होते. दुपारचे बारा वाजलेले. टीव्ही चालू, आवाज बंद.

"नदीवर गेला होतात ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"एकट्यानं काय जायचं?"

म्हणजे चालणंही गेलं होतं. आणि घरात पौष्टिक असं एकच काही यायचं ते नदीतले मासे, तेही गेले होते. माणूस निम्मा झाला होता. मी चांगलं करायला गेले आणि हे होऊन बसलं. मला रडू आलं, आणि रडता रडता त्यांच्यावरच चिडले. "सिगारेट सोडा म्हटलं होतं मी, अंकल! जेवण सोडा म्हटलं नव्हतं. चालणं सोडा म्हटलं नव्हतं."

त्यांनी टीव्ही बंद केला. मग उशीला टेकून बसले.

"तुला रेशनचा गुरुवार माहीत नाही," ते म्हणाले. "तू तेव्हा जन्मली नव्हतीस. सरकारनं आम्हाला सगळ्यांना मिशनवर नेऊन ठेवलं होतं, तेव्हा मॅनेजरच्या खिडकीपुढे रांग लागायची. माझी आई पिठाची रिकामी पिशवी घेऊन उभी राहायची. गोरा मॅनेजर त्यात एकेक पुडा टाकायचा. पीठ, साखर, चहा. आणि सगळ्यात वर तंबाखूची कांडी. घरी येईपर्यंत पिठाला चहाचा वास, चहाला तंबाखूचा."

"आणि भाजी?"

"भाजी होती की. मॅनेजरच्या बागेत. तारेच्या आत." ते हसले, तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "पण गुरुवार म्हणजे सण गं आमचा. आई राखेत पाव भाजायची. बाबा कांडी कापून सगळ्यांना वाटायचे. टॉलीची आई, माझी आई, सगळी म्हातारी माणसं शेकोटीभोवती, आणि मी आणि टॉली त्यांच्या मांड्यांवर. कुणी गाणं म्हणायचं, कुणी मॅनेजरची नक्कल करायचं. आता त्यातलं कोणी उरलं नाही. मी आणि तो, दोघंच." त्यांनी खिडकीतून झाडाकडे पाहिलं. "ते सगळं एकाच पिशवीतून आलं, पोरी. माणसंपण त्यातलीच. तू त्यातून एकच कांडी उपसायला गेलीस, सगळी पिशवीच उसवली."

 मी केलेल्या चुकीला सिडनीच्या कागदावर रकाना नव्हता.

मी रस्ता ओलांडून झाडाखाली गेले. टॉली अंकल एकटेच पत्ते पिसत होते. मोठ्या माणसाला तू असं कर, तसं कर म्हणणं आमच्यात शरमेचं. त्यातून मी भाची. म्हणून मी नुसती बसले, त्यांनी ओतलेला चहा प्यायले आणि समोरच्या घरात काय ऐकलं ते सांगितलं. पिशवीचं, शेकोटीचं, मांडीवर बसण्याचं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"तो मांडीवर मुतायचा, ते सांगितलं का?" एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रात जाताना पाहिलं तर टॉली अंकल रस्त्याच्या मधोमध. एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात खोकं, बगलेत किटली. मागे ट्रकवाला भोंगा वाजवतोय, यांना त्याचं काही नाही. व्हरांड्यात खुर्ची आपटून म्हणाले, "उठ रे लेका. एकट्याला पत्ते येत नाहीत मला. हरायला कोणीतरी लागतं."

तंबाखूची थैली त्यांनी झाडाच्या दुबेळक्यात ठेवली होती. तलफ आली की रस्ता ओलांडून जायचे, ओढायचे, नळावर तोंड धुऊन परत यायचे. पहिल्या दिवशी तेरा खेपा झाल्या. मी केंद्राच्या खिडकीतून मोजल्या. सहाव्या आठवड्यात दोन. चहा पुन्हा सुरू झाला, साखर चारावरून दोनवर आली. संध्याकाळी दोघं निघायचे, एक लंगडत, दुसरा धापा टाकत. चार मैलांना अडीच तास लागायचे. परत येताना मासा नसला तरी भांडण असायचंच.

सिडनीला न्यायला केंद्राची गाडी आली तेव्हा टॉली अंकल खिडकीशी वाकले.

"पाय घेऊन ये."

"दोन्ही?"

"एक तरी आण. निदान चपला वाया जाणार नाहीत."

शस्त्रक्रिया चांगली झाली. पाय वाचला. नवव्या दिवशी सकाळी मी हे सांगायला व्हरांड्यात गेले. टॉली अंकल खुर्चीतच होते. पत्ते वाटून झालेले, समोरच्या रिकाम्या जागेचेसुद्धा. मी हाक मारली, मग हात लावला.

हृदय बंद पडलं होतं. त्या खेपांची धाप मी रोज खिडकीतून पाहत होते आणि मोजत होते, पण ते चार प्रश्न त्यांना कधी विचारले नाहीत. माझ्या यादीत ते नव्हते. एकदा म्हटलं होतं, तुमची छातीपण तपासू, तर म्हणाले, गुरुवारी बघू. मी बरं म्हटलं. हे माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

आमच्यात नातेवाईक लांबून येईपर्यंत माती थांबते. तीन आठवडे थांबली. तोवर सेसिल अंकल काठी टेकत परतले. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही, तेही घेत नव्हते. मी इथे टॉली लिहिलं ते टोपणनाव. खरं नाव मी लिहिणार नाही.

जुन्या मिशनच्या दफनभूमीपर्यंत दोन मैल. अंकलसाठी मी गाडी आणली होती, फार चालू नका असा डॉक्टरांचा कागदही आणला होता. त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला आणि शवपेटीमागे चालू लागले. मी गाडी त्यांच्या मागे पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं हाकत राहिले. वाटेत कुणीतरी पेटलेली सिगारेट पुढे केली. त्यांनी घेतली, दोन पावलं हातात धरली आणि न ओढता पुढच्याला दिली.

खड्डा घरच्या माणसांनीच बुजवायचा असतो. पुतणे फावडी घेऊन पुढे आले. अंकलनी काठी माझ्याकडे दिली आणि एकाच्या हातातलं फावडं घेतलं. मी "अंकल, पाय" एवढंच म्हणू शकले.

"त्यासाठीच वाचवला तो," ते म्हणाले. त्यांनी डावा पाय फावड्यावर ठेवला, सगळा भार टाकून मातीच्या ढिगात दाबला आणि पहिली माती आपल्या भावावर टाकली. मग दुसरी. पुतणे बाजूला उभे राहिले, आणि खड्डा भरेपर्यंत फावडं कुणी परत मागितलं नाही.