आडवी रेघ

घडीला गणित उत्तम येतं, असं मी चार महिने सगळ्यांना सांगत फिरले. त्याची लाज मला अजून वाटते.

घडी म्हणजे इस्त्रीवालीची मुलगी. वय अकरा, इयत्ता पाचवी. चार वर्षांची असल्यापासून दुकानात रुमालांच्या घड्या घालायची, म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव पाडलं. शाळेत ती मागे पडत होती. आमच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशा मुलांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते पाच फुकट शिकवणी असते. एका मुलाला एक शिकवणारा. मी निवृत्त, घरी एकटी, भिंतींशी बोलून कंटाळलेली. गेले, नाव दिलं, मला घडी मिळाली.

शिकवणी सुरू होण्याआधी तिथल्या समन्वयक ताईंनी आम्हाला एक पुस्तिका दिली. मुलाच्या समोर बसा. डोळ्यांत बघून बोला. हसतमुख राहा. ‘चूक’ हा शब्द वापरू नका, ‘छान प्रयत्न’ म्हणा.

मी विचारलं, “आणि पाच साते चाळीस म्हणाली तर?”

“छान प्रयत्न, काकू.”

“आणि पन्नास म्हणाली तर?”

ताईंनी पुढचं पान उलटलं.

आवाजाची मला काळजी नव्हती. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दूरगावचा फोन लागेना की लोक वाट्टेल ते बोलायचे, आणि आम्ही कानाला हेडफोन लावून, “कृपया थांबा, प्रयत्न चालू आहे,” असं मधात बुडवून म्हणायचो. म्हणता म्हणता जीभ काढून वेडावायचो, शेजारणीकडे बघून डोळे फिरवायचो. एका गिऱ्हाइकानं माझ्या गोड बोलण्याबद्दल आभाराचं पत्र पाठवलं होतं. त्याच्याच फोनच्या वेळी मी कपाळावर हात मारून घेतला होता. चेहऱ्याला तिथे कामच नव्हतं, त्यामुळे तो मोकाट सुटला तो सुटलाच. आमचे हे होते तेव्हा, मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणायचे, “राहू दे, कळलं.”

तर घडीची शिकवणी. पहिले दोन आठवडे ठणठणाट, आणि मग एकाएकी मुलगी सुसाट सुटली. दहापैकी आठ, नऊ, दहा. उदाहरण वाचायची, आकडे मांडायची, मध्ये एक आडवी रेघ काढायची आणि क्षणभर थांबायची. मला वाटायचं, विचार करतेय. मग त्या रेघेचं अधिक करायची, नाहीतर वर-खाली टिंबं देऊन भागाकार, नाहीतर तशीच ठेवून वजाबाकी. गुणाकार असेल तर रेघ खोडून फुली. अचूक. ताईंनी तिचा आलेख भिंतीवर लावला. मी जाता-येता तो बघायचे, आणि कुणी नसेल तर जरा जास्तच वेळ बघायचे.

वार्षिक परीक्षेत घडीला गणितात शंभरपैकी नऊ मिळाले.

मी तरातरा शाळेत गेले. तिच्या वर्गशिक्षिका शांत बाई होत्या. त्यांनी पेपर माझ्यापुढे ठेवला. पानोपानी आकडे मांडलेले, मध्ये आडवी रेघ, आणि पुढे काही नाही.

“सहा आठवड्यांनी फेरपरीक्षा आहे,” त्या म्हणाल्या. “पस्तीस मिळाले तर सहावीत. नाहीतर पुन्हा पाचवी.”

हे ऐकून इस्त्रीवालीनं शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री अशी आपटली की वाफ माझ्या तोंडावर आली. “पुन्हा पाचवी कशाला? दुकानात दोन इस्त्र्या आहेत, हात माझे एकटीचे. बसू दे इथेच.”

“मला सहावीत जायचंय,” घडी गठ्ठ्यामागून म्हणाली.

“मग नऊ कशाला आणलेस?”

“मला सहावीतच जायचंय.”

त्याच आठवड्यात माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर काळा चष्मा, त्यात सर्दी झाली म्हणून तोंडाला मास्क. डॉक्टर म्हणाले, घरी बसा. मी म्हटलं, घरी बसून काय होणार आहे, आणि शुक्रवारी चारला वाचनालयात हजर झाले. घडीनं आकडे मांडले, रेघ काढली आणि थांबली. मीही थांबले. पाच मिनिटं गेली.

“आजी, मास्क काढा ना.”

“कशाला गं?”

“मला गणित येत नाही.”

मला आधी काही उमगेना. मग उमगलं, आणि मी मास्कच्या आत असं तोंड केलं की बरं झालं ते झाकलेलं होतं.

“म्हणजे इतके दिवस तू माझ्या तोंडाकडे बघून गणितं सोडवत होतीस?”

“तुमचं सोपं असतं,” ती अगदी मोकळेपणानं म्हणाली. “पेन्सिल चुकीकडे गेली की तुमची डावी भुवई वर जाते. बरोबर असलं की ओठ आवळता, हसू येऊ नये म्हणून. शाळेतल्या बाई नुसत्या खिडकीबाहेर बघतात.”

“हे शिकवलं कुणी तुला?”

“कुणी नाही. कपडे द्यायला जाते ना घरोघरी. दार उघडलं की कळतं, डाग शोधून तक्रार करणार की नाही ते. मग मी डागाची बाजू आत घालून देते.”

संताप कुणावर करायचा हेच कळेना. पोरीनं फसवलं नव्हतं, आम्ही जे समोर धरलं तेच तिनं वाचलं होतं. मी दोन्ही खुर्च्या उचलल्या आणि पाठीला पाठ लावून ठेवल्या.

“आता मोठ्यानं बोलत सोडव.”

त्या दिवशी दहापैकी शून्य. मंगळवारी शून्य. शुक्रवारी दोन बरोबर आली म्हणून मी मनात खूश झाले, तर म्हणते, “तुमची पाठ ताठ झाली की मला समजतं.” मी माझी खुर्ची हातभर पुढे ओढली. “तुम्ही श्वास सोडता तेव्हापण,” ती म्हणाली. आता श्वास तेवढा राहिला होता बंद करायचा.

“तुम्ही दुष्ट आहात,” तिनं एकदा सांगून टाकलं.

“आहे. पुढचं उदाहरण वाच.”

“एका पेटीत चोवीस साबण. अशा सहा पेट्या. एकूण साबण किती? अधिक का?”

“मला काय विचारतेस? मी भिंत आहे.”

“भिंत बोलत नाही.”

शेवटी मी तिला एक्स्चेंजमधली एक गोष्ट सांगितली. कुणी नंबर सांगितला, तर तो बरोबर आहे की नाही हे त्या माणसाच्या आवाजावरून ठरवायचं नाही. आपण उलटा त्या नंबरला फोन लावायचा. लागला तर खरा. “तसा तू उत्तराला उलटा फोन लाव. चोवीस आणि सहा मिळवून तीस आले म्हणतेस? मग तीस साबण सहा पेट्यांत सारखे भर. पेटीत किती आले?”

बराच वेळ मागून नुसता पेन्सिलीचा आवाज. मग, “पाच.” मग खोडरबराचा आवाज. मग, स्वतःशीच, चिडून, “पण पेटीत तर चोवीस होते.”

तिसऱ्या आठवड्यात ताई वर आल्या. त्यांच्या हातात फाइल होती.

“काकू, हे काय? भांडलात का तुम्ही दोघी?”

“रोजच.”

“आलेख बघितलात? पंच्याण्णववरून वीसवर आलाय. आणि पाठ करून बसणं पुस्तिकेत बसत नाही. मी असं म्हणत होते, घडीला आपण दुसऱ्या ताईंकडे देऊ. कॉलेजात शिकतात. खूप हसऱ्या आहेत.”

घडीची पेन्सिल थांबली. तिला ते हवं होतं, हे मला तिच्याकडे न बघताही कळलं.

“द्या,” मी म्हटलं. “आधी पाच मिनिटं तुम्हीच बसा तिच्यासमोर.”

ताई बसल्या, हसल्या. घडीनं पाचपैकी पाच उदाहरणं धडाधड सोडवली.

“बघा!”

“आता फाइल तोंडासमोर धरा.”

ताईंनी धरली. घडीनं आकडे मांडले, रेघ काढली, थांबली. माझ्याकडे वळली, तर मी छताकडे बघत होते. मिनिट गेलं, दुसरं गेलं. ताईंना राहवेना, त्यांनी फाइलवरून डोळे वर काढले मात्र, घडीनं वर-खाली टिंबं दिली.

“मी काहीच बोलले नाही!”

“बोलायला कशाला हवं?”

ताई फाइलीकडे बघत राहिल्या. “म्हणजे काकू, दोन वर्षांतले आमचे हे सगळे आलेख...”

“छान प्रयत्न,” मी म्हटलं.

घडी माझ्याकडेच राहिली. खुशीनं नव्हे. पुढचे तीन आठवडे आम्ही एकमेकींना पुरेपूर छळलं. ती उत्तराला उलटा फोन लावायची, तो चुकीचा लागायचा, मग पेन्सिल फेकायची, मग उचलायची. दहापैकी चार येऊ लागले. कधी पाच. सहाच्या वर गेलं नाही.

फेरपरीक्षा शनिवारी सकाळी होती. मी इस्त्रीच्या दुकानात स्टुलावर बसून राहिले. इस्त्रीवाली दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. साडेअकराला घडी आली. दप्तर टाकलं, पाणी प्यायली.

“कसा गेला?” मी विचारलं.

“बाई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. गाड्यांचं गणित होतं, आठ गुणांचं. मी गुणाकार केला, तर त्यांनी तोंड वाकडं केलं.”

“मग?”

“मग मी खोडलं.”

“अगं कार्टे! इतकं शिकवून...”

“ऐका तरी. खोडलं, बेरीज केली. मग उलटा फोन लावला, तर लागेना. परत गुणाकार लिहिला. त्यांचं तोंड वाकडंच.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, असू दे. सुटल्यावर विचारलं त्यांना. त्यांची दाढ दुखतेय.”

सोमवारी निकाल लागला. एकेचाळीस.

इस्त्रीवालीनं सहावीच्या फॉर्मवर सही केली आणि माझ्याकडे तक्रारीच्या सुरात बघितलं. “एवढा दंगा घातलात दोघींनी, आणि एकेचाळीसच?”

“तिचे आहेत,” मी म्हटलं. “आधीचे सगळे माझे होते.”

इस्त्रीवालीला ते पटलं की नाही, तिच्या तोंडावरून मला कळलं नाही. घडी ओली चादर घेऊन टेबलाशी आली.

“आजी, सरका जरा. इथे चादर पसरायची आहे.”